सरकी, शुक्राणू आणि एक फसलेले औषध

सोलापूर म्हटले की चादर आठवते. जुन्या गिरण्यांचे भोंगे आता वाजत नाहीत, पण मागांवर चादरी आणि टॉवेल अजूनही विणले जातात. चादरीचे सूत कापसाचे, हे आपल्याला ठाऊक असते. मात्र कापसाच्या बोंडात धाग्यापेक्षा बियांचेच वजन जास्त असते, हे सहसा लक्षात येत नाही. एक किलो रुई निघते तेव्हा तिच्याबरोबर दीड किलोहून अधिक सरकी निघते. रुई सूतगिरणीकडे जाते आणि सरकी तेलाच्या घाण्याकडे. तेल काढल्यावर उरते ती पेंड. ती पाण्यात भिजवून म्हशीच्या आंबोणात घालतात.

म्हैस ही पेंड मोठ्या आवडीने खाते आणि दूधही चांगले देते. पण हीच पेंड कोंबड्यांना भरपूर घातली तर अंड्यातला बलक हिरवट-तपकिरी होऊ लागतो. डुकरांना घातली तर ती दम लागून मरूही शकतात. लहान वासरालाही ती सोसत नाही. असे का व्हावे?

याचे कारण सरकीत दडलेला एक पिवळा पदार्थ. त्याचे नाव गॉसिपॉल. कापसाच्या झाडाचे शास्त्रीय नाव गॉसिपियम. आणि हा पदार्थ फिनॉल या वर्गातला, म्हणून १८९९ साली मार्खलेव्स्की या पोलिश रसायनशास्त्रज्ञाने दोन्ही शब्द जोडून हे नाव ठेवले. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ३०, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे ८ अणू असतात. हे अणू कसे जोडलेले आहेत ते रॉजर ॲडम्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३८ साली उलगडले. कापसाचे झाड हा पदार्थ आपल्यासाठी मुळीच बनवत नाही. अळ्या आणि किडी यांनी आपल्याला खाऊ नये, यासाठी त्याने केलेला तो बंदोबस्त आहे. पाने, देठ, मुळे, बिया या सर्वांत तो असतो.

म्हशीला तो बाधत नाही, कारण तिच्या पहिल्या मोठ्या पोटात, म्हणजे रोमंथिकेत, गॉसिपॉल प्रथिनांना चिकटून बसते आणि त्याचा विषारीपणा बराच उणावतो. कोंबडीला, डुकराला अशी सोय नाही. वासराचे रवंथाचे पोट अजून तयार व्हायचे असते. आणि माणसालाही अशी सोय नाही, हे विद्यार्थी मित्रांनो, आपल्या गोष्टीत महत्त्वाचे आहे.

गोष्ट चीनमधली आहे. सोलापूरकरांना चीन तसा परका नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर ते चीनला गेले आणि युद्धातील जखमींची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच वारले. ज्या हपेई प्रांतात त्यांचा शेवट झाला तो कापूस पिकवणारा प्रांत. डॉ. कोटणीसांचा गॉसिपॉलशी काही संबंध नाही; पण ती कापसाची खेडी कशी असतील याची कल्पना त्यांच्या चरित्रामुळे आपल्याला थोडीफार करता येते. तशाच खेड्यांत एक कोडे उभे राहिले.

चीनच्या कापूसपट्ट्यातील काही गावांत अनेक जोडप्यांना मुले होईनाशी झाली. काही जणांना थकवा येई, अंगाची आग होई. स्त्रियांची मासिक पाळी बंद पडे. चौकशी करता करता बोट गेले ते स्वयंपाकघरातल्या तेलाच्या बुधल्याकडे. ही माणसे सरकीचे कच्चे तेल खात होती. पूर्वी सरकी वाफवून किंवा भाजून मग घाण्यात घालीत. उष्णतेमुळे गॉसिपॉल बियांतल्या प्रथिनांना घट्ट चिकटे आणि पेंडीतच राही. नव्या पद्धतीत सरकी न तापवताच दाबून तेल काढू लागले. परिणाम असा की गॉसिपॉल तेलाबरोबर वाहत थेट कढईत आले! तेल बदलल्यावर स्त्रियांची तक्रार बहुधा दूर होई, पुरुषांतले वंध्यत्व मात्र बरेच दिवस टिके. १९५७ साली एका चिनी डॉक्टरने यावर लेख लिहून सुचवले की, संततिनियमनासाठी या तेलाचा उपयोग करता येईल का ते पाहावे.

(तुमच्या घरी सरकीचे तेल वापरत असतील तर घाबरू नका. बाजारात मिळणारे शुद्ध केलेले तेल कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुतलेले असते. त्यात गॉसिपॉल निघून जाते. कच्चे, गडद रंगाचे, न धुतलेले तेल ही वेगळी वस्तू आहे.)

आता गॉसिपॉल नेमके करते काय, ते पाहू. त्यासाठी आधी शुक्राणूची ओळख हवी.

शुक्राणू ही पुरुषाच्या वृषणात तयार होणारी पेशी. डोके, मधला भाग आणि लांब शेपटी एवढाच तिचा संसार. एक शुक्राणू पूर्ण घडायला माणसात सुमारे अडीच महिने लागतात. त्याचे काम पोहण्याचे, आणि पोहायला ऊर्जा लागते. ही ऊर्जा तो साखरेसारख्या पदार्थांचे विघटन करून मिळवतो. हे विघटन एका फटक्यात होत नाही. पायरी-पायरीने होते, आणि प्रत्येक पायरीवर एक विकर, म्हणजे एंझाइम, उभे असते. विकर हे बहुतेक वेळा प्रथिनच असते. ते रासायनिक क्रिया झपाट्याने घडवून आणते आणि स्वतः मात्र संपत नाही. तुमच्या लाळेतले विकर भाकरीतल्या पिठूळ पदार्थाची साखर करते, हा प्रयोग तुम्ही शाळेत केलाच असेल.

या साखळीत लॅक्टेट डिहायड्रोजिनेज नावाचे एक विकर आहे. आपण त्याला एल.डी.एच. म्हणू. पायरुव्हिक आम्लाचे दुग्धाम्ल करणे आणि दुग्धाम्लाचे पुन्हा पायरुव्हिक आम्ल करणे हे त्याचे काम. जोरात धावल्यावर तुमच्या पोटऱ्यांत दुग्धाम्ल वाढते ते याच विकराच्या कामामुळे. एल.डी.एच.चा एक रेणू चार तुकड्यांचा बनलेला असतो. स्नायूंत एका जातीचे तुकडे जास्त असतात, हृदयात दुसऱ्या जातीचे. दोन जातींचे चार तुकडे निरनिराळ्या प्रमाणांत जुळवले तर पाच प्रकार होतात. (वहीवर मांडून पाहा, सहावा होत नाही.)

१९६३ साली बाल्टिमोर येथे ब्लँको आणि झिंकहॅम हे दोघे शास्त्रज्ञ मानवी शुक्राणूंतील प्रथिने जेलमधून विजेच्या साहाय्याने वेगळी करून पाहत होते. या पद्धतीत एकेका प्रकारच्या विकराची एकेक रेघ उमटते. एल.डी.एच.च्या पाच रेघा अपेक्षित होत्या. दिसली सहावी! बीजगणितात अज्ञात संख्येला आपण ‘क्ष’ म्हणतो, तसे त्यांनी या विकराला एल.डी.एच.-एक्स म्हटले. पुढे कळले की हे विकर तिसऱ्याच जातीच्या तुकड्यांचे बनलेले आहे, आणि ते वृषणात घडत असलेल्या शुक्राणूंत व पूर्ण झालेल्या शुक्राणूंत असते. शरीरात इतरत्र जवळजवळ नसतेच.

औषध शोधणाऱ्याला याहून आनंदाची बातमी कोणती? शरीरात हजारो विकरे आहेत. एखादे अडवायला जावे तर ते यकृतातही असते, मेंदूतही असते. औषध एका जागी गुण देते आणि दुसऱ्या जागी घात करते. येथे मात्र केवळ शुक्राणूंच्या घरचे विकर सापडले होते. त्याला अडवले तर शुक्राणू थांबेल आणि बाकीच्या शरीराला पत्ताही लागणार नाही, अशी आशा वाटू लागली. पुढे गॉसिपॉलवर प्रयोग झाले तेव्हा ते नेमके या एल.डी.एच.-एक्सला अडवते असे दिसले. दोन धागे असे जुळले.

ते अडवते कसे? एल.डी.एच.ला काम करायला एक सोबती लागतो. त्याचे नाव एन.ए.डी.एच. हा एक छोटा रेणू आहे. तो हायड्रोजन घेऊन येतो, विकराच्या एका खाचेत बसतो, हायड्रोजन देऊन टाकतो आणि बाहेर पडतो. पुन्हा भरून येतो. सोलापुरी हातमाग पाहिला असेल तर उपमा लगेच पटेल. माग म्हणजे विकर. एन.ए.डी.एच. म्हणजे धोटा. धोटा इकडून तिकडे धावला नाही तर माग कितीही चांगला असला तरी वीतभर कापड निघणार नाही. आता समजा, कोणी धोट्याच्याच मापाचा लाकडाचा एक ठोकळा धोट्याच्या जागी खुपसून ठेवला. माग बंद! गॉसिपॉल हा तसा ठोकळा आहे. एन.ए.डी.एच.च्या खाचेत ते जाऊन बसते.

ही उपमा येथेच सोडू नका, थोड्या वेळाने ती पुन्हा लागणार आहे.

चीनमध्ये आधी उंदरांसारख्या प्राण्यांवर प्रयोग झाले आणि १९७२ सालापासून गॉसिपॉलच्या गोळ्या पुरुषांना देऊन पाहण्यात आल्या. स्वयंसेवकांची संख्या वाढत वाढत आठ हजारांच्या वर गेली. रोज सुमारे २० मिलीग्रॅम, म्हणजे मिठाच्या चिमटीहूनही कमी. दोन-अडीच महिने गोळी घेतल्यावर वीर्यातील शुक्राणूंची संख्या उतरू लागे. दोन-अडीच महिनेच का, ते तुम्ही आता सांगू शकाल. शुक्राणू घडायला तेवढाच काळ लागतो ना? एका मिलीलिटरमध्ये ४० लाखांपेक्षा कमी शुक्राणू उरले की पुढे आठवड्यातून थोडीशी मात्रा पुरे होई. १९७८ साली चिनी शास्त्रज्ञांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि जगभर खळबळ उडाली. शेकडा ९९ जणांत औषध लागू पडल्याचा त्यांचा दावा होता. पुरुषांची संप्रेरके साधारणपणे जशीच्या तशी राहत होती, म्हणजे आवाज, दाढी, ताकद यांत फरक नाही.

या खळबळीचे कारण समजून घ्यायला हवे. स्त्रियांसाठी तोंडाने घ्यायची गोळी अमेरिकेत १९६० सालीच आली होती. पुरुषांसाठी निरोध आणि नसबंदी, एवढे दोनच मार्ग होते. आणि खरे सांगायचे तर आजही औषधाच्या दुकानात पुरुषांसाठी अशी गोळी मिळत नाही. आपल्या देशात आणीबाणीच्या काळात, विशेषतः १९७६ साली, सक्तीच्या नसबंदीने लोकांच्या मनात अशी धास्ती बसली की पुरुषांची नसबंदी जी मागे पडली ती आजतागायत. कुटुंबनियोजनाचा जवळजवळ सगळा भार बायकांवर पडला. अशा वेळी, घेतली की लागू पडणारी आणि सोडली की परिणाम ओसरणारी पुरुषांची गोळी मिळाली असती तर घराघरांत फरक पडला असता. शिवाय कच्चा माल कोणता? तर सरकी! सोलापूर, बार्शी, परभणी, अकोला, कोठेही पोत्यांनी मिळणारी.

पण दोन गोष्टी आड आल्या.

पहिली पोटॅशियमची. गोळी घेणाऱ्या काही पुरुषांच्या रक्तातील पोटॅशियम घसरले आणि हातापायांतली शक्तीच गेली. काहींना तर उठून उभे राहवेना. सगळ्यांची संख्या धरली तर प्रमाण शेकडा एकाहून कमी होते, तरी काही भागांत ते बरेच जास्त निघाले. स्नायूंचे आणि हृदयाचे काम पोटॅशियमवर चालते, त्यामुळे हा प्रकार दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. याचे एक स्पष्टीकरण मूत्रपिंडातल्या एका विकरात सापडते. कॉर्टिसॉल नावाच्या संप्रेरकाला निष्प्रभ करणारे विकर मूत्रपिंडात असते. ते अडले की मूत्रपिंड मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडून देते. खोकल्यावर आपण चघळतो तो ज्येष्ठमध दिवसेंदिवस अति प्रमाणात खाल्ला तरी याच विकराच्या अडवणुकीमुळे पोटॅशियम उतरते, हे डॉक्टरांना चांगले माहीत आहे. प्रयोगशाळेत गॉसिपॉलनेही हे विकर अडते असे आढळले.

आता तो माग आठवा. मूत्रपिंडातले हे विकर काम करताना सोबती म्हणून कोणाला घेते? एन.ए.डी.ला, म्हणजे हायड्रोजन उतरवून ठेवलेल्या त्याच धोट्याला! स्नायूंतले एल.डी.एच., हृदयातले एल.डी.एच. आणि पेशीतील इतर कितीतरी विकरे हाच धोटा वापरतात. चादरीचा माग वेगळा, टॉवेलचा वेगळा, लुगड्याचा वेगळा. पण सगळ्यांत धोट्याची जागा एकाच मापाची. मग धोट्याच्या मापाचा ठोकळा चादरीचा माग तेवढा बंद करील आणि लुगड्याच्या मागाला हात लावणार नाही, हे कसे शक्य आहे? एल.डी.एच.-एक्स फक्त शुक्राणूंचे खरे, परंतु गॉसिपॉल त्याच्यात जेथे बसते ती खाच फक्त शुक्राणूंची नाही. याखेरीज गॉसिपॉलच्या रेणूला प्रथिनांना चिकटणारी दोन टोके आहेत. म्हशीच्या पोटात जे गुण ठरले ते येथे दुर्गुण ठरले. जे प्रथिन भेटेल त्याला हे टोक चिकटू पाहते. शुक्राणूच्या मधल्या भागात ऊर्जा तयार करणारी तंतुकणिका असतात, त्यांची मोडतोड झाल्याचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. तेव्हा गॉसिपॉल हे एका विकराचे औषध नसून अनेक ठिकाणी हात मारणारे विषच आहे, हे हळूहळू स्पष्ट झाले.

दुसरी अडचण अधिक दुःखाची. गोळी बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत आले. परंतु दहांतल्या एकाच्या आसपास पुरुषांचे आलेच नाहीत. ज्यांनी काही वर्षांपुरती गोळी घेतली होती, पुढे मूल हवे असे ज्यांना वाटत होते, त्यांतल्या काहींना ते कायमचे नाकारले गेले. आकडेवारीत हे ‘शेकडा दहा’ असे छापले जाते. आठ हजारांतले शेकडा दहा म्हणजे किती घरे, हा हिशेब ज्याने त्याने करावा. १९८६ च्या सुमारास चीनने हा मार्ग सोडला आणि १९९८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही हे संशोधन थांबवावे अशी शिफारस केली.

विकराला अडवून पुरुषांच्या प्रजननसंस्थेवर इलाज करणे अशक्य आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. म्हातारपणी प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवीला त्रास होतो. आजोबा रात्री चार-चारदा उठतात ते बहुधा यामुळेच. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे त्याहून प्रभावी रूपांतर करणारे एक विकर प्रोस्टेटमध्ये असते. फिनॅस्टेराइड हे औषध त्या विकराला अडवते. मग ग्रंथी हळूहळू आकसते. १९९२ साली अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली आणि आज ते जगभर वापरात आहे. त्याचेही काही दुष्परिणाम आहेत, डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ते घ्यायचे नसते. पण त्याचा ठोकळा बऱ्यापैकी एका मागाच्या मापाचा आहे.

आणि एल.डी.एच.-एक्सचे काय झाले? ते लक्ष्य म्हणून चुकीचे होते का? २००८ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्यात या विकराचे जनुकच निकामी केलेले होते. माद्यांना काही झाले नाही. नर दिसायला धडधाकट, पण त्यांचे शुक्राणू नीट पोहेनात आणि त्यांची प्रजननक्षमता फार घटली. म्हणजे चीनमधल्या संशोधकांच्या काळात जो नेम धरला गेला तो बरोबरच होता, बाण तेवढा वाकडा होता! केवळ याच विकराला अडवील असा रेणू शोधण्याचे काम अजून चालू आहे.

दुसऱ्या एका विकराबाबत आशा जरा जास्त वाटते. शुक्राणू शरीराबाहेर पडेपर्यंत जवळजवळ निवांत असतात. पोहायचा हुकूम त्यांना एका विकराकडून मिळतो. त्याचे नाव विद्राव्य ॲडेनिलिल सायक्लेज. २०२३ साली न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी या विकराला अडवणाऱ्या औषधाची एक मात्रा नर उंदरांना दिली. अडीच तासांपर्यंत शुक्राणू जागचे हलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत पोहू लागले. उंदरांत जमले ते माणसांत जमेलच असे नाही. गॉसिपॉलच्याच बाबतीत उंदीर आणि हॅमस्टर बाधले होते, ससे मात्र बाधले नव्हते.

सरकीची गोष्टही अजून संपलेली नाही. सरकीत भरपूर प्रथिन असते, पण गॉसिपॉलमुळे ते माणसाला खाता येत नाही. मग झाडातून गॉसिपॉलच काढून टाकले तर? तसे वाण पूर्वी तयार केले गेले होते. किडींनी आणि प्राण्यांनी ती शेते फस्त केली. टेक्सासमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ कीर्ती राठोड यांनी वेगळी युक्ती केली. गॉसिपॉल बनवायला झाडालाही एक विकर लागतेच. ते विकर तयार होणे त्यांनी फक्त बियांपुरते बंद केले. पाने, देठ यांत गॉसिपॉल राहिले, बियांतून जवळजवळ गेले. २००६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि २०१९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही सरकी खाण्यास हरकत नसल्याचे सांगितले. विकराला अडवण्याची तीच कल्पना, पण येथे ती कापसाच्या झाडात वापरली आणि नेमक्या जागी वापरली.

तुम्हाला गॉसिपॉल पाहायचे असेल तर मूठभर सरकी मिळवा. पेंड नव्हे, अख्खी सरकी. ती रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी शिक्षकांच्या देखरेखीखाली ब्लेडने एक बी मधोमध कापा आणि भिंगातून पाहा. पांढरट गरात काळसर ठिपके विखुरलेले दिसतील. त्याच गॉसिपॉलच्या पिशव्या. एका बीत किती ठिपके दिसतात ते मोजा, पाच-सहा बियांची सरासरी काढा आणि वहीत चित्र काढून ठेवा. बी चाखून मात्र पाहू नका, आणि कापून झाल्यावर हात साबणाने धुवा. उरलेल्या बिया म्हशीला घालायला हरकत नाही.